यंत्रनादाची कुळकथा

उलव्यास लग्नसराई सुरू झाली म्हणजे हळदीच्या रात्री जो नाद उठतो, तो कानास कळण्यापूर्वी छातीस कळतो. खाडीकाठच्या नव्या इमारतींत सातव्या-आठव्या मजल्यावर राहणारे सुशिक्षित गृहस्थ अशा वेळी खिडक्या लावून घेतात आणि घरच्या मंडळींस सांगतात की, हा धुडगूस आपला नव्हे; हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे. मौज अशी की, खाली मांडवात नाचणाऱ्या तरुणांस विचारावे, तर तेही निराळ्या सुरात हेच सांगतील. हा ठेका विलायतेचा, म्हणूनच तो भारी! एक पक्ष त्यास परका म्हणून टाकतो, दुसरा परका म्हणून उचलतो; तो परका आहे याविषयी मात्र दोघांचे एकमत. आम्हांस शंका आहे ती या एकमताविषयी. या नादाची कुळकथा तपासू लागले असता तिच्यातील बरीच पाने मुंबईच्या आसपासच लिहिली गेली, असे आढळून येते. ज्यांनी ती लिहिली त्यांची नावे मात्र त्या पानांवर फारशी सापडत नाहीत; आणि ही दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीहून अधिक विचारणीय वाटते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. चित्रपटाच्या धंद्यात प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा. या संगीतात मात्र जो यंत्रापुढे बसून ठेका, खर्ज, सुरावट व त्यांची वीण हे सारे स्वतः रचतो, त्यास प्रोड्यूसर म्हणतात. संगीतकार, वाद्यवृंदाचा संयोजक, वादक आणि ध्वनिमुद्रक या चौघांची कामे तो एकटा करितो. डीजे म्हणजे तयार रचना एकीस एक जोडून रात्रभर अखंड वाजविणारा. पुष्कळदा एकच मनुष्य दोन्ही असतो व देशोदेशी फिरून आपल्या रचना वाजवितो. जुन्या नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीशी घेऊन गावोगाव हिंडत, तसाच हाही हिंडतो. फरक इतकाच की, याचे सारे बिऱ्हाड बोटाएवढ्या यूएसबी कांडीत मावते.

मांडवात डीजे येण्यापूर्वी या पट्ट्यात बेंजो पार्टीचे राज्य होते, व ते अजूनही पुरते गेलेले नाही. बेंजो हे नाव अमेरिकेतील एका तंतुवाद्याचे खरे. परंतु आपल्या बेंजोचा त्या वाद्याशी नावापलीकडे काही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग म्हणजे जपानातील ताइशोगोतो. नागोया शहरी गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने 1912 साली, तारांवर टंकलेखन यंत्राच्या धर्तीच्या कळा बसवून, हे वाद्य सिद्ध केले. त्याच वर्षी जपानात सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून त्यास नाव पडले. फार शिक्षणावाचून घरगुती मनुष्यास सूर काढता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. व्यापाराच्या वाटेने ते हिंदुस्थानात आले आणि हौशी मंडळींच्या हाती पडले. पुढे मुंबई-कोकणातील वाजंत्र्यांनी त्याच्या तारांखाली विजेचा ध्वनिग्राहक बसविला, कर्णा जोडला, आणि ढोल-ताशांच्या गर्जनेतही वेगळा ऐकू जावा असा तो तीक्ष्ण, किंचित रडवा, तरीही नाचावयास लावणारा सूर जन्मास आला. जपानातील मूळ कारागिराचे नाव आपणांस सांगता येते. त्यास वीज देणाऱ्या आपल्या वाजंत्र्यांस नाव नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या या मंडळींवर रवी जाधव यांनी 2016 साली एक हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कोठे शहरातील पुष्कळांस कळले की, या कलेस बेंजो म्हणतात व ती वाजविणारी माणसे आपल्याच शेजारी राहतात.

परक्या यंत्राने आपल्या गाण्यात ठाण मांडावे, हे काही नवीन नाही. पेटीची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. ती युरोपातून आली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती दिसत नाहीत, असे आक्षेप आले. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत तिला आपल्या दारात उभे केले नाही. त्याच काळात महाराष्ट्रातील रंगभूमीचे व मैफलीचे गाणे तिच्यावाचून अडत होते, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने तिच्यातून जे काढून दाखविले ते आक्षेपांस पुरून उरले. वाद्य कोठे जन्मले यावरून त्याची जात ठरविण्याची सवय आपणांस आहे. तथापि ते कोणाच्या हाती, कोणत्या गाण्यासाठी पडले, हे पाहिल्यावाचून निकाल देणे धाडसाचे होईल.

आता विजेच्या सुरांकडे वळू. 1969 साली अहमदाबादेच्या राष्ट्रीय आरेखन संस्थेत अमेरिकन संगीतज्ञ डेव्हिड ट्यूडर यांच्या हस्ते एक मूग सिंथेसायझर बसविण्यात आला, आणि पुढील तीन-चार वर्षे तेथे काही हिंदी मंडळींनी त्यावर प्रयोग केले. या उद्योगामागे गीता साराभाई होत्या. 1946 साली जॉन केज या अमेरिकन संगीतकारास हिंदुस्थानी संगीताचे पाठ देणाऱ्या त्या याच. त्या खोलीत झालेले काम फितींवर राहिले, फिती कपाटात राहिल्या, आणि सुमारे अर्धे शतक कोणी त्यांस हात लावला नाही. पॉल पर्गस नावाच्या इंग्लंडमधील संशोधकाने त्या उकलल्या व 2023 साली त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध झाला. हे संगीत नाचाचे नव्हे; प्रयोगशाळेतील आहे. परंतु कपाटात फिती होत्या म्हणून तरी ते परत मिळाले, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

मुंबईत मात्र सिंथेसायझर आला तो चित्रपटाच्या वाद्यवृंदातून. केरसी लॉर्ड यांच्यासारखे पारशी वादक, सेबास्टियन डिसूझा व अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक, आणि त्यांच्या हाताखालील कितीतरी माणसे रोज सकाळी ध्वनिमुद्रणालयात जात, समोर ठेवलेले वाजवीत व संध्याकाळी घरी जात. 'आराधना' चित्रपटातील एका सुप्रसिद्ध गाण्यातील अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा, हे ते गाणे पाठ असणाऱ्यांपैकी कितींस माहीत असेल? तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, कवीचे नाव; वादकाचे नाव छापण्याचा प्रघातच नव्हता.

अशाच वादकांपैकी एक चरणजित सिंग. गिटार, ट्रान्झिकॉर्ड, की-बोर्ड असे जे समोर येईल ते वाजविणारे आणि नव्या यंत्रांची मनस्वी हौस असणारे. 1982 साली त्यांनी जपानातील रोलँड कारखान्याची तीन यंत्रे एकत्र केली. टीआर-808 हे ठेक्याचे यंत्र, ज्युपिटर-8 हे सुरांचे, आणि टीबी-303 हे खर्जाच्या गिटारीची जागा घ्यावी म्हणून काढलेले लहानसे रुपेरी खोके. यांच्या साह्याने त्यांनी ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी इत्यादी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. एचएमव्हीने ती तबकडी काढली. तिचे नावही सरळ होते: 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती खपली नाही. रागदारीच्या श्रोत्यांस ती थिल्लर वाटली असावी आणि डिस्कोच्या शौकिनांस रुक्ष. त्या दिवसांत डिस्को म्हणजे 'कुर्बानी'तील नाझिया हसनचा गळा नाही तर मिथुन चक्रवर्तीचे पाय. त्यात गळाही नाही आणि पायही नाहीत असा डिस्को कोणी विकत घ्यावा?

इकडे टीबी-303 चीही तीच गत झाली होती. गिटारीची नक्कल म्हणून ते यंत्र इतके फसवे ठरले की, 1984 साली कारखान्याने ते काढणे बंद केले आणि जुन्या बाजारात ते कवडीमोलाने विकले जाऊ लागले. शिकागोतील काही तरुणांनी ते असेच स्वस्तात घेतले व त्याच्या खुंट्या कारखान्यास अभिप्रेत नव्हत्या अशा रीतीने फिरविल्या. या यंत्रात सुराचे वरचे अंश गाळणारी एक चाळणी असते. सूर चालू असता ती चाळणी उघडझाप केली की, सूर कधी घोगरा, कधी किंचाळणारा, कधी पाण्याखालून आल्यासारखा भासतो. 1987 साली फ्यूचर या मंडळीने याच आवाजावर रचलेली तबकडी बाहेर पडली, आणि ॲसिड हाउस या नावाने ओळखला जाणारा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला, असे इतिहासकार मानतात.

पुढे हॉलंडमधील एका संग्राहकाच्या हाती चरणजित सिंगांची ती विसरलेली तबकडी पडली. 2010 साली ती तिकडे पुन्हा काढण्यात आली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. तोच घसरणारा खर्ज, तोच न थांबणारा ठेका, आणि साल शिकागोच्या पाच वर्षे आधीचे! कित्येकांनी तर ही कोणा आधुनिक खोडकराने केलेली थट्टा आहे, अशीही शंका घेतली. सत्तरी गाठलेले चरणजित सिंग त्यानंतर युरोपात जाऊन नृत्यगृहांतून वाजवून आले. 2015 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

येथे डंका पिटण्याचा मोह होतो, व तो पुष्कळांनी पिटलाही: शिकागोच्या आधी मुंबई! आमच्या मते यात थोडे अधिक झाले. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असा पुरावा नाही. एकाने दुसऱ्यापासून घेतले, असे म्हणावयास आधार नाही. तेव्हा चरणजित सिंग हे ॲसिड हाउसचे जनक नव्हेत. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एकच वाट सापडली, एवढेच खरे. आणि तेच अधिक मनोरंजक आहे. ती वाट का सापडावी? आपले रागसंगीत एका षड्जावर उभे असते. पाश्चात्त्य गाण्याप्रमाणे त्याच्या पायाखालची स्वरसंहती क्षणोक्षणी बदलत नाही. शिकागोच्या मंडळींनीही नेमके हेच केले. स्वरसंहतीची चाल टाकून देऊन ते एकाच खर्जावर दहा-दहा मिनिटे स्थिर राहिले, आणि सारी गंमत त्या खर्जाच्या रंगपालटात ठेविली. शिवाय टीबी-303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पेटीस जी मींड कधी साधली नाही, ती या खोक्यास ओबडधोबड का होईना साधली. रागाने त्या यंत्रात घर केले ते या दोन कारणांनी. चरणजित सिंगांनी कोणते तत्त्वज्ञान मांडले नव्हते. ते स्वतः इतकेच सांगत की, डिस्कोचे दिवस होते, काही निराळे करावेसे वाटले.

गोव्याची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणेच्या किनाऱ्यावर पाश्चात्त्य भटके उतरू लागले. त्यांच्या चांदण्या रात्रींच्या नाचांत प्रथम रॉक गाणी वाजत, ऐंशीच्या दशकात त्यांची जागा यंत्रसंगीताने घेतली. उष्णतेने तबकड्या वाकड्या होत, म्हणून ही मंडळी डीएटी फितींवर वाजवीत, आणि त्या फिती प्रवाशांच्या पडशांतून जगभर जात. नव्वदीत या प्रकारास गोवा ट्रान्स हे नाव मिळाले. 1994 साली पॉल ओकनफोल्ड यांनी बीबीसीवर त्याचा सुमारे दोन तासांचा कार्यक्रम सादर केला आणि गोव्याचे नाव युरोपच्या नृत्यगृहांत पोहोचले. ते नाव गोव्याचे खरे, परंतु रचनाकारांत गोमंतकीय शोधावे लागतात. खरे गोमंतकीय वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांत निनावी वाजवीत होते, आणि गोव्याचे नाव मिरवणारे संगीत बाहेरचे लोक रचीत होते. इतिहासाची ही विनोदबुद्धी काही वेळा अंगावर काटा आणते.

यापुढील भाग व्यापाराचा आहे व तो थोडक्यात आटोपता येईल. 2007 साली कांदोळीस सनबर्न नावाचा मेळा भरला आणि परदेशी प्रोड्यूसरांचे हिंदुस्थानातील दौरे हा रीतसर धंदा झाला. 2016 मध्ये तो मेळा पुण्याकडे आला, पुन्हा गोव्यास गेला, आणि 2025 च्या डिसेंबरात मुंबईस, शिवडीला भरला. शिवडीहून निघणारा अटल सेतू 2024 च्या जानेवारीत खुला झाला. त्याची एक वाट खाडी ओलांडून उलव्यास उतरते. याप्रमाणे फिरून आम्ही पुन्हा उलव्याच्या मांडवात आलो.

हे उलवे कोणते, हेही सांगितले पाहिजे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळ्यांची भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी घेण्यात आली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 1984 च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून निघाली. पुढे विमानतळ आला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही इत्यादी दहा वस्त्या उठविण्यात आल्या, सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट केली, नदीचा प्रवाह वळविला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व 25 डिसेंबरपासून विमाने उतरू लागली. उलवे हे नाव आज ज्या सेक्टरांस लागते, ते सेक्टर म्हणजे ते गाव नव्हे.

त्या गावांच्या लग्नांत हळदीपासून प्रत्येक विधीस धवला लागतो. धवलारीण ही आगरी समाजातील वयस्कर स्त्री. ब्राह्मणाच्या मंत्रांइतकाच मान तिच्या गाण्यास असे, आणि काही काळी काही ठिकाणी लग्न तिनेच लावावे अशी रीत होती. धवला मुखोद्गत, एकीकडून दुसरीकडे जावयाचा. त्यानंतर बेंजो आला. पाठोपाठ रोलँडचाच, 1985 साली निघालेला, आठ रबरी पट्ट्यांचा ऑक्टोपॅड आला, आणि ढोलकी, ताशा, संबळ यांचे आवाज दोन काठ्यांत सामावले. कॅसेटच्या काळात वेसावकर मंडळींसारख्यांची कोळीगीते घरोघर पोहोचली. शेवटी डीजे आला. म्हणजे ताइशोगोतो, 808 चा ठेका आणि ऑक्टोपॅड अशी तीन पिढ्यांची जपानी सोयरीक या एका मांडवात नांदते आहे, आणि तिच्यावर गाणे मात्र आगरी बोलीतच चालले आहे.

हे जुळविणे दिसते तितके सोपे नाही. युरोपचा हाउस ठेका चार सारख्या ठोक्यांचा. बहुतेक कोळीगीतांची चाल सहा मात्रांच्या झोकावर, होडीच्या हेलकाव्याची. सरळ चार ठोक्यांवर ती बसविली तर गाणे लंगडते आणि नाचणाऱ्याचा खांदा अडतो. येथील मिश्रण करणारे तरुण प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा घालतात. खालून विलायती धक्का चालू राहतो, वरून होडी डोलत राहते. हे त्यांस कोणत्याही विद्यालयात शिकविलेले नाही. एखाद्या रागाचे चलन बिघडू न देता नवा ताल लावणाऱ्या गवयास आपण जो मान देतो, त्याचा काही अंश या मुलांस देण्यास हरकत नसावी.

अर्थात, रात्री झोप न येणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार आम्ही थट्टेवारी नेत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे आणि निवासी भागास दिवसा 55, रात्री 45 डेसिबलांची मर्यादा आहे. ती पाळली जावी. हळदीवर होणाऱ्या खर्चाविषयी आगरी समाजातील वडीलधारी मंडळीच बोलतात, त्यात आम्ही भर घालण्याचे कारण नाही. परंतु आवाज मोठा आहे ही तक्रार निराळी आणि हे संगीत आपले नव्हे हा निवाडा निराळा. पहिलीसाठी पोलीस आहेत. दुसऱ्यासाठी पुरावा हवा.

2024 साली क्रेटेक्स या नावाने रचना करणारे कृणाल घोरपडे व गायक श्रेयस सागवेकर यांची 'तांबडी चामडी' ही मराठी रचना स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढली. मराठी हाउस असे तिच्या प्रकारास नाव दिले गेले आणि ती जगभर वाजली. चरणजित सिंगांस पुन्हा उजेडात आणणाराही हॉलंडचाच, हा योगायोग नजरेत भरतो. आनंद वाटला हे खरे. पण घरचे गाणे चांगले आहे हे हॉलंडहून कळविले गेल्यावरच आम्हांस पटावे, हे किती दिवस चालावयाचे?

कारण प्रत्येकाच्या नशिबी तबकडी नसते. चरणजित सिंगांच्या कामास निदान वेष्टन होते, त्यावर नाव होते. अहमदाबादेच्या कामास कपाट होते. उलवे, गव्हाण, न्हावे, जासई येथील तरुणांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत केलेल्या मिश्रणांस यांपैकी काहीच नाही. ती एका फोनातून दुसऱ्यात गेली, मेमरी कार्डांवर राहिली, कार्डे बिघडली. कोणत्या मिश्रणातील धवला कोणत्या धवलारणीचा, ती कोणत्या गावची, हे त्या फाइलीवर लिहिलेले नसते. असते ते डीजेचे टोपणनाव आणि लग्नघरचे नाव. ज्या गावी ती गात होती तेथे आता धावपट्टी आहे. एखाद्या ग्रंथालयाने वा महाविद्यालयाने दोन-चार होतकरू मुलांस वहीपेन्सिल व ध्वनिमुद्रक देऊन पुनर्वसित वस्त्यांत पाठवावे, आणि प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचे नाव, मूळ गाव व साल एवढे तीन रकाने भरून घ्यावेत. खर्च फार नाही. पुष्कळशा धवलारणी सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

अजूनही कित्येक घरी हळद लागते ती धवल्यानेच. तेवढा वेळ मंडपाच्या कोपऱ्यात यंत्राचे दिवे लुकलुकत असतात आणि डीजे हात बांधून उभा असतो. कधी कधी तो खिशातून फोन काढून म्हातारीच्या दिशेने धरतो. पुढच्या लग्नात वापरावयास.